लॉगबुकात पेशंट कुठे आहे?

मराठीत कादंबऱ्यांची समीक्षा होते, सिनेमांची होते, हल्ली वेबसीरिजचीही होते. मेडिकल कॉलेजच्या लॉगबुकची कुणी करत नाही. वास्तविक २०१९ पासून एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये हे पुस्तक असतं. उद्या तुमच्या आजीला दम लागला, बहिणीला अवेळी कळा सुरू झाल्या, तर कॅज्युअल्टीत समोर येणारा तरुण डॉक्टर या पुस्तकाचे सगळे रकाने भरून, त्यांवर सह्या घेऊन आलेला असेल. तेव्हा एकदा ते नीट वाचून बघू.

पुस्तक कसलं, तक्ताच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग येण्याआधी जी भारतीय वैद्यक परिषद होती, तिने दिलेल्या नमुन्यात आठ रकाने आहेत. कॉलेजागणिक थोडेफार बदल होतात, सांगाडा तोच. पहिल्या रकान्यात कौशल्याचा क्रमांक. मग कृतीचं नाव. मग तारीख. मग प्रयत्न कुठला: पहिला, पुन्हा केलेला, की कच्चं राहिलं म्हणून करून घेतलेला. मग दर्जा: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका, अपेक्षेपेक्षा जास्त. मग शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची सही, आणि आठव्या रकान्यात विद्यार्थ्याची सही, की मला फीडबॅक मिळाला.

आता यात पेशंट शोधा.

कृतीच्या नावात 'रक्तदाब मोजणे' असं असेल. कोणाचा, ते नाही. नाव नको, ते खासगी राहायलाच हवं. पण तो खाटेवर होता की व्हरांड्यात जमिनीवरच्या गादीवर, त्याला आधी विचारलं होतं का, पट्टा बांधताना त्याचा हात सुजलेला होता का, 'पुन्हा' असं लिहिलंय तर तोच माणूस दोनदा टोचून घेत होता की दुसरा कोणी, यातल्या कशालाच जागा नाही. शिकणाऱ्याची सही आहे, शिकवणाऱ्याची आहे. ज्याच्या अंगावर शिकलं गेलं तो या पुस्तकाच्या बाहेर आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या मूल्यमापनाबद्दल जे काही वाईट बोलायचंय ते बरंचसं या एका गैरहजेरीतून निघतं, असं माझं मत आहे.

लॉगबुक आलं ते मात्र चांगल्या हेतूने. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्यांदा स्पष्टपणे म्हटलं की विद्यार्थ्याला किती माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं ते महत्त्वाचं. पहिल्या वर्षापासून पेशंट दाखवा, संवाद शिकवा, नीतिमूल्यं शिकवा. त्याआधी वॉर्डातल्या शिक्षणाचा पुरावा म्हणजे हजेरीपट आणि जर्नल. जर्नल ही चीज ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण साहित्यप्रकार म्हणून ती फारच रंजक आहे.

जर्नलमध्ये प्रत्येक विषयाच्या दहा-बारा केसेस हाताने लिहायच्या. तक्रार, पूर्वेतिहास, कौटुंबिक इतिहास, तपासणी, निदान. प्रत्यक्षात त्या सीनियरच्या जर्नलमधून उतरवायच्या, त्याने त्याच्या सीनियरकडून उतरवलेल्या असायच्या. त्यामुळे एक पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, विडी ओढणारा, दोन वर्षांपासून खोकला आणि दम, बॅचमागून बॅच जिवंत राहतो. त्याचं वय वाढत नाही. त्याची बायको कायम निरोगी आणि मुलं कायम तीन. मध्ये एखाद्या घाईतल्या विद्यार्थ्याने 'उजवी' ऐवजी 'डावी' लिहिलं की पुढच्या सगळ्या पिढ्यांत त्याचं फुप्फुस बाजू बदलतं. मराठी कथेत इतका दीर्घायुषी शेतकरी दुसरा नसेल. (विदर्भ-मराठवाड्यातल्या खऱ्या शेतकऱ्याच्या नशिबी हे आयुष्य आलं नाही, हे लिहिताना टोचतंच.)

लॉगबुकने त्या शेतकऱ्याला निवृत्त केलं. पण सही तशीच राहिली. सत्र संपत आलं की स्टाफरूमबाहेर वह्यांचा गठ्ठा घेऊन रांग लागते. मजकुराची समीक्षा करणाऱ्याने अशा वेळी अक्षराकडे बघावं: सहा महिन्यांच्या वीस तारखा, एकाच पेनाची शाई, एकाच कलाने वळलेली सही. दर्जाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'अपेक्षेइतका'. 'अपेक्षेपेक्षा कमी' का दिसत नाही? कारण तो लिहिणाऱ्या शिक्षकाला मग त्या मुलाला पुन्हा बसवून शिकवावं लागतं, पुन्हा तपासावं लागतं. 'जास्त' लिहिलं तर इतर एकोणतीस जण विचारतात, आम्हाला का नाही? मधलं अक्षर सगळ्यांच्या सोयीचं. आणि आठव्या रकान्यात विद्यार्थी सही करतो की फीडबॅक मिळाला. काय मिळाला? ते लिहायला तिथे जागा ठेवलेली नाही. पोच आहे, पत्र नाही.

आळशी शिक्षक आणि चलाख विद्यार्थी अशी ही गोष्ट नाही. जे मोजलं जातं त्याकडे माणसं धावतात, आणि इथे मोजलं काय जातं ते बघा. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९९० मध्ये एक साधा पिरॅमिड मांडला. तळाशी 'माहीत आहे'. त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. टोकाला 'करतो', म्हणजे कोणी परीक्षक म्हणून उभा नसताना, रोजच्या कामात करतो. आपल्या अभ्यासक्रमाने हीच पायऱ्यांची कल्पना घेतली आणि प्रत्येक कौशल्यापुढे पायरीचं अक्षर लिहिलं. स्वतंत्रपणे करता आलंच पाहिजे अशी कौशल्यं त्या भल्यामोठ्या यादीत थोडीच आहेत.

आणि विद्यार्थ्याचं भवितव्य ठरतं ते कुठे? नीट-पीजीत. २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास. पिरॅमिडच्या खालच्या दोन पायऱ्या. म्हणून फायनल इयरचा मुलगा राऊंडच्या मागच्या रांगेत उभा राहून अ‍ॅपवर प्रश्न सोडवत असतो, आणि ज्या वर्षी पहिल्यांदा खरोखर हाताने काम करायला मिळतं त्या इंटर्नशिपच्या वर्षी लायब्ररीत जागा धरून बसतो. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्यासमोर एक गणित आहे आणि ते त्याने बरोबर सोडवलंय: पोटात पाणी आहे की नाही हे हाताने ठरवायला शिकण्यात तासभर गेला तर त्या तासाचा एकही मार्क कुठेच जमा होत नाही. २०१९ च्या कायद्यात नेक्स्ट नावाची परीक्षा होती, तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष कौशल्यं तपासायची योजना होती. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली.

कोणी म्हणेल, प्रॅक्टिकल परीक्षा असतेच की. असते. तिचंही वाचन करू.

लाँग केस म्हणजे आपल्याकडची सर्वांत जुनी, सर्वांत भारदस्त परीक्षा. विद्यार्थ्याला एक पेशंट मिळतो. पाऊण तास त्याने एकट्याने त्याच्याशी बोलायचं, तपासायचं. मग परीक्षक येतात आणि विद्यार्थी केस 'प्रेझेंट' करतो. या शब्दातच सगळं आलं. परीक्षक ऐकतात ते सादरीकरण. पाऊण तासात त्या माणसाशी तो कसा बोलला, पडदा ओढला का, थंडगार स्टेथोस्कोप टेकवण्याआधी सांगितलं का, दुखऱ्या जागी हात ठेवताना चेहऱ्याकडे पाहिलं का, हे कोणी पाहिलेलं नसतं. म्हणजे जो भाग क्लिनिकल आहे तो परीक्षेच्या बाहेर होतो, आणि परीक्षा होते ती त्याच्या वर्णनाची. गोष्ट नीट सांगणारा पास होतो.

पेशंट तरी कसे येतात? 'चांगली केस' हवी असते. चांगली म्हणजे ज्याची पाणथरी तीन बोटं लागते, ज्याच्या हृदयाचा आवाज पुस्तकात लिहिल्यासारखा येतो. डिस्चार्ज झालेल्यांना फोन करून बोलावलं जातं, गाडीभाडं आणि जेवण दिलं जातं. वर्षानुवर्षं परीक्षेला बसून त्यातले काही इतके तरबेज होतात की घाबरलेल्या पोराला स्वतःच हळूच सांगतात, 'डावीकडे बघ रे, खाली, अजून खाली.' प्रत्येक मेडिकल कॉलेजात हा किस्सा वेगळ्या नावागावाने सांगितला जातो आणि सगळे हसतात. मला त्यात हसण्यापलीकडचं एक दिसतं: संपूर्ण परीक्षेत त्या मुलाचा हात कुठे चुकतोय हे पाहणारा आणि त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करणारा माणूस एकच, आणि त्याला मार्क द्यायचा अधिकार नाही.

खाटेपाशी शिकवायची कल्पना जुनी आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं ते जे. जे. हॉस्पिटलला लागून, एकाच आवारात. विद्यार्थ्याला वॉर्डाचा घटक करायचं, त्याच्यावर ठरावीक पेशंटची जबाबदारी टाकायची, हे विल्यम ऑस्लरने १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजवलं. जबाबदारी हा त्यातला कळीचा शब्द. आपल्याकडे पंचवीस-तीस जणांची बॅच एका खाटेभोवती कोंडाळं करते, तेव्हा पुढच्या चौघांना पेशंट दिसतो, मधल्या दहांना शिक्षकाचा आवाज ऐकू येतो, आणि मागच्यांना पुढच्यांच्या अ‍ॅप्रनची पाठ दिसते. हजेरी सगळ्यांची सारखीच लागते. २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या ५१ हजार जागा होत्या, २०२४ पर्यंत त्या १ लाख १२ हजारांच्या घरात गेल्या. डॉक्टर हवेतच, यात वाद नाही. पण कोंडाळ्याची जाडी त्याबरोबर वाढते आणि लॉगबुकचा कागद तेवढाच राहतो.

लाँग केसमधला नशिबाचा भाग काढायला रोनाल्ड हार्डेनने १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत एक पद्धत काढली, ती आता आपल्याकडेही 'ऑस्की' या नावाने चालते. एकामागून एक टेबलं, प्रत्येकावर एक छोटं काम, परीक्षकाच्या हातात यादी, घंटा वाजली की पुढचं टेबल. न्याय वाढला, कारण सगळ्यांना तेच काम, तीच यादी. निदान कोणीतरी करताना बघतं तरी. पण यादी ही वस्तू धोक्याची. 'सहानुभूती व्यक्त केली' यावर एक मार्क असला की मुलं रबरी पुतळ्यालाही 'तुम्हाला किती त्रास होतोय हे मी समजू शकतो' असं म्हणून मोकळी होतात. अमेरिकेत तर नटांना पेशंट करून घेतलेली अशी परीक्षा २००४ पासून परवान्यासाठी सक्तीची होती. कोविडमध्ये थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे कौशल्य तपासायचा प्रश्न सोडवलाय असं कुठल्याच देशाने छाती ठोकून सांगावं अशी स्थिती नाही.

मग मोजायचं तरी काय? मला इथे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवतात. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. बावस्करांनी या पेशंटांपाशी रात्ररात्र बसून नोंदी केल्या: घाम कधी फुटतो, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कसा चढतो आणि मग कसा कोसळतो, फुप्फुसात पाणी कधी भरतं. या बघण्यातून त्यांना वाटलं की रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध इथे उपयोगी पडेल. ते पडलं, मृत्यू घटले, १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे होतं काय? रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ, वही आणि खाटेपाशी बसून राहायची तयारी. यातल्या चौथ्या गोष्टीचा क्रमांक कौशल्यांच्या यादीत कुठेही नाही. सगळ्यांनी बावस्कर व्हावं असं कोणी म्हणत नाही. पण एमबीबीएसनंतरची बंधपत्राची सेवा करायला जाणारी मुलगी अशाच केंद्रात जाते, रात्री अशाच एकट्या खोलीत तिच्यापुढे कोणीतरी चावलेलं, कोणीतरी अडलेलं येतं. आणि तोवर तिला पेशंटबरोबर एकटीने काम करताना एकाही शिक्षकाने सलग पंधरा मिनिटं पाहिलेलं नसतं, ही शक्यता अजिबात दूरची नाही.

पाहण्याची पद्धत उपलब्ध आहे. जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेली 'मिनी-सेक्स' आपल्याकडच्या शिक्षकांना प्रशिक्षणात शिकवलीही जाते (नाव उच्चारल्यावर बॅच हसते, तेवढं सोडून द्या). शिक्षकाने विद्यार्थ्याला खऱ्या पेशंटबरोबर वीस-एक मिनिटं काम करताना गप्प बसून बघायचं आणि तिथेच सांगायचं, हे जमलं, हे नाही. 'वेळ कुठे आहे?' हे यावरचं ठरलेलं उत्तर. हिशेब करून बघू. पंचवीसची बॅच, आठ आठवड्यांचं पोस्टिंग, प्रत्येकाला दोनदा पाहायचं, दर वेळी २० मिनिटं. झाली १,००० मिनिटं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर कामाचे ४८ दिवस. रोजची २१ मिनिटं, तीही युनिटमधल्या सगळ्या शिक्षकांत आणि सीनियर रेसिडेंटांत वाटून. ज्या युनिटची ओपीडी दुपारी अडीचला संपते तिथे ही २१ मिनिटंही जड जातात, हे खरं. नव्या कॉलेजच्या तपासणीपुरते जुन्या कॉलेजचे शिक्षक तिकडे पाठवले जातात, तेव्हा तर बोलायलाच नको. तरी आकडा अशक्य नाही. तो कोणी मागत नाही, एवढंच.

मागितलं जातं ते वेगळंच. कॉलेजला मान्यता देताना खाटा मोजतात, भरलेल्या खाटा मोजतात, शिक्षकांची आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी मोजतात. यातून काय घडू शकतं हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ऐकायला मिळालं. धुळ्याच्या एका खासगी कॉलेजात मकरसंक्रांतीच्या दिवशी आयोगाचं पथक अचानक गेलं. बालरोग वॉर्डातली मुलं ठणठणीत होती, असं त्यांनी अहवालात लिहिलं. कारवाईविरुद्ध कॉलेज कोर्टात गेलं. सुनावणीत न्यायाधीशांना 'मुन्नाभाई' आठवला. पुढे त्या प्रकरणात काय झालं हा इथला विषय नाही. पण नियमांनी भरलेली खाट मागितली असेल तर खाटेवर निरोगी मूल झोपवूनही नियम पाळल्यासारखा दिसतो, हे त्या प्रसंगाने स्वच्छ दाखवलं.

आणि सिनेमाची आठवण आलीच आहे तर, २००३ च्या त्या विनोदी चित्रपटाने हा मुद्दा आपल्या बहुतेक शिक्षणविषयक परिसंवादांपेक्षा नेमका पकडला होता. वर्षानुवर्षं हालचाल न करणारा आनंद व्हीलचेअरवरून वर्गात आणला जातो, त्याच्यावर व्याख्यान होतं, आणि त्याचं नाव काय हा प्रश्न विचारतो तो खोटा प्रवेश घेतलेला विद्यार्थी. त्यातला जादूच्या मिठीचा उपाय मला कधी पटला नाही. मिठीने निदान होत नाही, आणि परीक्षेत नक्कल करणाऱ्या डॉक्टरकडे मी माझ्या घरच्यांना नेणार नाही. पण प्रश्न बरोबर होता.

शिक्षणाचं वातावरण कसं आहे ते विद्यार्थ्यांना विचारायच्या प्रश्नावल्याही आहेत. डंडीचीच 'ड्रीम' नावाची ५० विधानांची, एकूण २०० गुणांची प्रश्नावली भारतात अनेक कॉलेजांनी वापरली आहे. म्हणजे विद्यार्थ्याला विचारतात, शिक्षकाला विचारतात, तपासनीसाला विचारतात. मला नववा रकाना हवाय. पेशंटचा मार्क नको. सरकारी वॉर्डातल्या माणसाला डॉक्टरविरुद्ध बोलायची भीती असते, आणि 'लेकरू चांगलं आहे' म्हणून तो सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकेल. त्याला फक्त हो-नाहीचे चार प्रश्न विचारावेत, तेही युनिटच्या डॉक्टरांनी नको, समाजसेवा अधीक्षकाने किंवा सिस्टरने. मुलाने स्वतःचं नाव सांगितलं का? तपासू का, असं विचारलं का? पडदा ओढला का? तपासून झाल्यावर कपडा सारखा केला का?

चौथा प्रश्न मला वॉर्डातल्या एका मावशींनी दिला. तीस वर्षं त्या एकाच मजल्यावर होत्या. नव्या बॅचमधला कोण पुढे बरा डॉक्टर होईल हे त्या दुसऱ्या आठवड्यात सांगायच्या, आणि कशावरून विचारलं तर म्हणायच्या, 'बाईचं पोट तपासून झाल्यावर लुगडं कोण नीट करतंय, तेवढं बघते मी. बाकीची पोरं तशीच जातात, मग मी जाऊन झाकते.'